शिट्टीचं बटण

हातातल्या गेमवर, डाव्या अंगठ्याखालच्या काळ्या रबरी टोपीवर दुधाचा एक वाळलेला ठिपका आहे. नखाने खरवडला तर निघेल, पण त्यासाठी अंगठा हलवावा लागेल, आणि अंगठा हलला तर पडद्यावरचा माणूस पेट्यांच्या आडून बाहेर येईल... म्हणून तो ठिपका तीन दिवस तिथेच आहे. पहारेकरी येतो. बारा पावलं, वळण, पुन्हा बारा पावलं. तो पाठमोरा झाला की नेम धरायचा, वरचं बटण दाबून श्वास रोखायचा — रोखायचा खरं तर पडद्यावरच्या माणसाने, पण रोखते तीही — आणि बिनआवाजाची गोळी सोडायची. दमलेला माणूस बसावा तसा तो खाली बसतो. तिला काही वाटत नाही.

गेम नवऱ्याचा, लग्नाआधीचा. तो खेळायचा तेव्हा पहिल्या मिनिटाला शत्रूचा सगळा तळ जागा व्हायचा, आणि मग हा पळतोय, ओरडतोय, सोफ्यावर उड्या मारतोय. ती खेळते तेव्हा कुणी येऊन गेलं हेसुद्धा कुणाला कळत नाही.

एक दालन पार झालं की ती उठते, कठड्याच्या खाटेवर वाकते आणि झोपलेल्या लेकीच्या, ठकीच्या, नाकाशी बोट धरते. श्वासाची ऊब लागते. ठीक. अडीच महिन्यांत हे किती वेळा केलं असेल... यालाच काळजी म्हणत असावेत, असं ती स्वतःला सांगते. पण कुलूप नीट लागलंय ना हे बघायला माणूस जिन्यातून तीनदा परत येतो, त्याला कुणी कुलपावरचं प्रेम म्हणत नाही.

चार वाजता सिस्टर येणार. गेल्या आठवड्यात आली होती, बाळंतिणीचं मन कसं आहे ते विचारणारा दवाखान्याचा दहा प्रश्नांचा कागद घेऊन. शेजारी सासूबाई दुपट्यांच्या घड्या घालत बसलेल्या. बाळाकडे बघून आनंद होतो का? — नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, मुळीच नाही. "नेहमी," ती म्हणाली होती. कॉलेजात तोंडी परीक्षेला समोरच्याच्या भुवया बघून उत्तर द्यायची सवय, ती अशी कामाला आली. सिस्टरचं पेन क्षणभर अडलं होतं. पहारेकऱ्याला संशय आला की त्याच्या डोक्यावर पिवळं प्रश्नचिन्ह उमटतं, तसं काहीतरी... मग विझलं.

बोळकांडीत सपाता वाजतात. ती गेम दुपट्यांखाली सरकवते.

"झोपली का गं?"

"हो, आई."

"मग तूही जरा पडायचंस की. ती बया येईल आता, आणि अवतार बघ तुझा." सासूबाईंना दुपट्यांतून डोकावणारा कोपरा दिसतो. "पुन्हा ते घेऊन बसलीस? असं कर, त्यालाच घे कडेवर आणि पोरीला लाव चार्जिंगला!" स्वतःच हसतात, मग जवळ येऊन तिच्या कपाळावरची बट मागे सारतात. "मागच्यासारखं छान सांग हो. कागदावर भलतंसलतं नको. अगं, या दिवसांत रडू सगळ्यांनाच येतं. मी तर नळ सोडून रडायचे."

मला रडू येत नाही, आई. — हे ती म्हणत नाही.

सपाता लांब जातात. ती गेम पुन्हा हातात घेते. खालच्या बाजूला शिट्टीचं बटण आहे; शिट्टी वाजवून पहारेकऱ्याला आपल्याकडे बोलवता येतं. तिने ते कधीच दाबलेलं नाही. इतकं चांगलं लपल्यावर आपण होऊन कोण कुणाला बोलवेल? चाराला दहा कमी आहेत. ती दाबते. पहारेकरी थबकतो, वळतो, पेट्यांच्या दिशेने चालू लागतो — किती सावकाश येतो हा, किती नीट बघत — आणि नेम धरायचं सोडून ती नुसती त्याचं येणं बघत राहते. तो अगदी पेटीपाशी पोचतो तेव्हा दारावरची बेल वाजते.

सिस्टर खुर्चीत बसते. सासूबाईंनी दुपटी पुढे ओढलेली. ठकी जागी होऊन, न रडता, आपल्या आईकडे टक लावून बघतेय.

"दिसतंय सगळं छान," सिस्टर कागद मांडीवर ठेवत म्हणते. "मागच्या वेळचंच लिहू ना?"

मान हलवली की झालं. पेन कागदाला टेकतं, आणि तिच्या लक्षात येतं की आपण श्वास रोखून बसलोय — कुणी बटण दाबलेलं नसताना, आणि आत्ताच असं नाही, कितीतरी दिवस...

"थांबा," ती म्हणते. आवाज इतका बारीक की आपण तो काढला की नाही, तिचं तिलाच कळत नाही.

पण पेन थांबलंय. सासूबाईंच्या हातातली घडी अर्धीच राहिलीय. सिस्टर मान वर करून तिच्याकडे बघते, आणि बघतच राहते. तिला भीती वाटतेय. खरीखुरी, सगळ्या अंगाला. किती दिवसांनी काहीतरी वाटतंय... ती ते तसंच धरून ठेवते, वाकून कुणाच्या नाकाशी बोट धरावं, तसं.