थांबायची उडी

प्रेमदासला उडता यायचं, थांबता येत नव्हतं. समुद्रपूरचा हा गडी फौजेत गेला आणि तिथं त्याला ट्रॅम्पोलिनवर चढवलं, म्हणजे स्प्रिंगांनी चौकटीत ताणलेल्या जाळीवर. हवेत कोलांट्या घ्यायला तो पटाईत. पण दहा उड्या झाल्या की जाळीवर स्तब्ध उभं राहायचं असतं, आणि ती मेली जाळी त्याला अकराव्यांदा उडवायचीच. सगळ्या मेहनतीवर पाणी! परदेशातल्या मोठ्या क्रीडास्पर्धेसाठी त्याचं नाव निघालं होतं, पण सुटीवर धाडताना त्याला शिकवणाऱ्या उस्तादांनी बजावलं, "लौटकर भी नहीं रुका, तो दूसरा जाएगा."

दुखणं जुनं होतं. बंडीत, म्हणजे बैलगाडीत, कापूस तुडवत वाढलेला हा गडी, जाळीवर उतरला की याचे गुडघे आपोआप वाकायचे आणि उसळी मरायची. उस्तादांनी शिव्या घालघालून ते सरळ केले. आता शेवटच्या उडीला 'ढील दे, ढील दे' म्हणून तेच घसा फोडत, तर पाय ऐकायला तयार नाहीत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी त्या पायांची गत.

घरी त्याची माय, धुरपता, कापूस विकायला न्यायच्या तयारीत होती. बंडीला बांबूचे तट्टे बांधून आत कापूस भरून झाला होता, तुडवून दाबायचा तेवढा राहिला होता.

"खाटेवर उड्या मारायचा पगार देते का रे सरकार?" तिनं विचारलं.

"देते ना, माय."

"मंग आज फुकट मार. चढ."

तो चढला आणि फौजी पायांनी उडू लागला. कापूस दबायचा सोडून फुगायला लागला.

"काऊन नाचून राह्यला रे?" माय खालून ओरडली. "उडून कापूस दबते का? बस ना त्याच्यात!"

तिकडं गुडघे वाकले म्हणून शिव्या, इकडं सरळ म्हणून शिव्या! माणसानं करावं तरी काय? प्रेमदासला हसू फुटलं. हसताहसता अंग सैल पडलं, गुडघे बसले आणि तो मांड्यांपर्यंत आत गेला. कापूस गप्प झाला. पायांखालून उसळी आलीच नाही! मग त्यानं पुन्हा उडी मारली, पुन्हा तसाच बसला, आणि दिवस मावळेपर्यंत उतरलाच नाही.

"आता पुरे, बंडी मोडन ना!" माय म्हणाली.

परतल्यावर त्यानं जाळीवर थांबून दाखवलं, तेव्हा उस्तादांनी त्याला स्पर्धेला नेलं. तिथल्या झगझगीत हॉलमध्ये त्याची पाळी आली. दहावी कोलांटी घेऊन तो खाली आला आणि त्याचे गुडघे, माहेरी आल्यासारखे, निवांत बसले. जाळी थरथरली आणि निवली. पदक त्याच्यापासून कोसभर लांब होतं, पण प्रेमदास उभा होता. आनंदानं त्याचे डोळे भरून आले.

पंचांनी खूण केली तरी तो हलेना.

"अब उतर भी जा, बेटा!" उस्ताद हाका मारू लागले.

"थांबा ना जी, उस्ताद," तो म्हणाला. "दबू द्या जरासं."