कलता शिक्का

"शिक्का माझा आहे, पण मी मारलेला नाही," असं म्हणत कादोवाकींनी फाइल फिरवून नोसाकांपुढे सरकवली.

नोसाकांनी चहाचा घोट घेतला. "तुझा आहे ना? मग झालं."

समुद्रात बुडून गेलेल्या मासेमारांच्या मुलांना शिकवणाऱ्या, बंदरगावातल्या एका निधीची ती फाइल. नोसाका मित्सुओ त्याचे अध्यक्ष आणि कादोवाकी व्यवहार तपासणारे देखरेखनीस. निधीचा पैसा कुठेही गुंतवायचा तर कागदावर सहीऐवजी दोघांचे नावाचे शिक्के लागत. सोळा वर्षांत कादोवाकींनी सरकारी रोख्यांपलीकडे कशाला हात लावू दिला नव्हता. कादोवाकींना मासळीसुद्धा सरकारी हमीची लागते, अशी बंदरावर थट्टा चाले. नोसाका आणि ते शाळेत एका बाकावर बसलेले, त्यामुळे ही थट्टा नोसाकाच सर्वांत जास्त करत.

वरिष्ठाच्या शिक्क्याशेजारी आपला शिक्का मारायचा तो जरा डावीकडे कलता, म्हणजे तोही वाकून नमस्कार करतो, ही तिकडच्या कचेऱ्यांची रीत. पतपेढीतल्या नोकरीच्या अडतीस वर्षांत कादोवाकींनी ती कधी पाळली नाही. बघणाऱ्यानं बघून शिक्का मारायचा असतो, त्यात वाकायचं काय, असं त्यांचं म्हणणं. त्यापायी शाखाधिकारीपद हुकलं. "शिक्क्याला तेवढा कणा आहे, मालकाला अक्कल नाही," असं त्यांची बायको शेजारणींना सांगे. आणि या कागदावर त्यांचा शिक्का नोसाकांपुढे छान वाकला होता.

कागद दोन वर्षांपूर्वीचा, मार्चमधला. त्या मार्चमध्ये कादोवाकींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. आल्यागेल्या टपालाची अडचण नको म्हणून शिक्का निधीच्या कचेरीतल्या कारकून युरीच्या खणात ठेव, असं नोसाकाच म्हणाले होते. कादोवाकींनी ठेवला. मित्रावर संशय घ्यायचा विचारही त्यांच्या मनात आला नाही.

त्यांनी युरीला आत बोलावलं.

"अध्यक्षांनी मारायला सांगितला," ती खाली बघत म्हणाली. "म्हणाले, तुमचं दोघांचं बोलणं झालंय."

"आणि कलता का मारलास?"

"सरळ मारला असता तर तुम्ही उद्धट दिसला असतात, कादोवाकीसान." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीनं आपली अब्रू राखायला बघितलं होतं, तिच्यावर काय रागवायचं. त्यांनी तिला घरी जायला सांगितलं.

त्या कागदानं निधीचा जवळजवळ सगळा पैसा परदेशी चलनाशी बांधलेल्या एका रोख्यात गेला होता. पहिलं वर्षभर भरघोस व्याज आलं. मग येन वधारला आणि व्याज शून्यावर आलं. मुद्दल तीस वर्षं हलवता येणार नव्हतं. एप्रिलपासून सात मुलांची फी भरणं बंद होणार होतं.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास," नोसाका म्हणाले.

"म्हणूनच विचारायचं असतं, मित्सुओ."

"तुझ्या त्या सरकारी रोख्यांवर मुलांच्या वह्या तरी येत होत्या का? मी काय घरी नेलं?"

"पैसा नाही नेलास. माझं नाव तेवढं नेलंस."

नोसाकांनी कप खाली ठेवला. "हे बघ, सभेत तोंड उघडशील तर पहिला प्रश्न तुलाच येईल, शिक्का दुसऱ्याच्या खणात ठेवलास कशाला? त्यापेक्षा गप्प बस. दोघं राजीनामा देऊ, रांगेत उभं राहून खाली वाकू, माफी मागू. लोक विसरतात."

पंचावन्न वर्षांची मैत्री. केसानं गळा कापला आणि वर मान नीट धर म्हणतोय, असं कादोवाकींना वाटलं. ते उठले. सभा शुक्रवारी होती. त्याआधी ते त्या सात घरी जाऊन आले.

सातवं घर हामासाकी तोमिए या विधवेचं. ती धक्क्यावर माकूल मासळी वाळवण्याचं काम करायची. तिची मुलगी चिनात्सु परिचारिकेचा अभ्यास करत होती, अजून दोन वर्षं राहिली होती. कादोवाकींनी चटईवर गुडघे टेकून सगळं सांगितलं.

"म्हणजे हे अध्यक्षांनी केलं," तोमिए म्हणाली.

होय म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. आधीच्या सहा घरी त्यांनी तसंच म्हटलं होतं.

"शिक्का माझा होता," ते म्हणाले. "मी तो सांभाळला नाही. दोन वर्षं ती फाइल उघडूनही बघितली नाही. मित्सुओ आहे ना, म्हणत राहिलो."

तोमिए हातावरचं सुकलेलं मीठ नखानं खरवडत राहिली.

"दरवर्षी तुमच्याकडून हिशेबाचा कागद यायचा," ती म्हणाली. "मला त्यातलं काही कळत नाही. खाली तुमचा शिक्का दिसला की मी घडी घालून ठेवून द्यायची. कादोवाकीसान आहेत ना, म्हणायची."

इतके दिवस आपणच तेवढे फसवले गेलो, असं ते धरून चालले होते. आता त्यांना मान वर करता येईना.

"चिनात्सुला मी सांगेन," ती म्हणाली. "तुम्ही नका सांगू."

ती त्यांच्या आधी उठून दाराशी गेली. ते बाहेर आले तेव्हा पायरीपाशी त्यांचे बूट तिनं रस्त्याकडे तोंड करून, मानाच्या पाहुण्याचे लावतात तसे, जोडीनं लावून ठेवले होते. कादोवाकी पायरीवर बसले. बूट घालायला त्यांना फार वेळ लागला.