कपाटात ठेवलेलं वायफाय

"तुम्ही आत्ता नक्की कुठे बसून बोलताय?"

हा प्रश्न कस्टमर केअरला विचारायची माझी हिंमत नाही, असं निलोफर आणि ऋतुजा शाळेत म्हणाल्या होत्या. वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आल्यापासून मला कुणालाही काहीही विचारायची भीती वाटत नाही. म्हणून आईच्या मोबाइलवरून फोन लागताच मी नमस्कारही न करता विचारून टाकलं.

"तुमच्या आईबाबांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "वरून दुसऱ्या कप्प्यात. माझं नाव हेमलता. काय तक्रार आहे आपली?"

त्यांचा आवाज मोबाइलमधून येत होता आणि कपाटातूनही येत होता. कपाटातून किंचित आधी.

मी तक्रार सांगितली. लॅपटॉप मामाने दिलाय, त्याचा जुना. मला तो चालू करता येतो आणि बंद करता येतो, बाकी काही येत नाही. खाली कोपऱ्यात जपानी पंख्यासारख्या रेघा आहेत आणि त्यांच्यावर फुली आहे. पाच वाजता माझी मुलाखत आहे, लॅपटॉपवरच. हिमालयात एक वेधशाळा आहे, तिथे सुट्टीभर राहून आकाश शिकायला मोजकीच मुलं घेणार आहेत, आणि मी पोस्टाने निबंध पाठवलेत. पाचला मी पडद्यावर दिसले नाही, तर माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी देतील.

"राउटर कुठे ठेवलाय?"

"तुमच्याजवळच असेल. कपाटात."

त्याचं असं झालं. शेजारपाजारचे लोक वायफाय चोरतात, असं बाबांनी कुठेतरी ऐकलं. बाबा आमच्या तासगावातच बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहेत. चांगला माल बंद ठेवला की टिकतो, हे ते रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघतात. त्यांनी कपाटाच्या पाठीला भोक पाडून वायर आत घेतली. आईने राउटरला हळदकुंकू लावलं, तो पैठणीशेजारी ठेवला आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. तेव्हापासून आमचं वायफाय कुणीही चोरलेलं नाही.

"म्हणजे बाहेर काहीच गेलेलं नाही," हेमलताताई म्हणाल्या. "तरीच इथे एवढी गर्दी आहे. बरं, मी सांगते तसं करा. आधी लॅपटॉप बंद करून परत चालू करा."

मी बंद केला. वरचा पंखा थांबला. कुकरची शिट्टी अर्ध्यातच राहिली. खिडकीबाहेर एक कबूतर पंख पसरून हवेत टांगल्यासारखं उभं राहिलं, आणि मला त्याच्या पोटाखालचं एकेक पीस दिसलं. इतकं सुंदर काही मी खिडकीतून कधी बघितलं नव्हतं. मी लॅपटॉप चालू केला. शिट्टी पुरी झाली, कबूतर गेलं. पलंग मात्र दाराकडे सरकला होता, कारण कपाट वाढलं होतं.

"केतू, पलंग कशाला ओढतेस गं? फरशीला चरे पडतील," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मी नाही ओढत. कपाट ढकलतंय."

"मग त्याला म्हणावं, हळू."

फुली तशीच होती.

"आता पडद्यावर विमानाची खूण दिसते का बघा," हेमलताताई म्हणाल्या. "ती चालू राहिली की काही लागत नाही."

ती चालू होती. सकाळी मीच दाबली होती, विमान आवडलं म्हणून. मी ती बंद केली. त्याबरोबर कपाटातून लांबून घरघर आली, जवळ आली, माझ्या डोक्यावरून गेली आणि कुठेतरी आतच उतरली. कपाटाच्या दाराखालून गार वारा सुटला. त्याला डांबरगोळ्यांचा वास होता आणि बर्फाचाही. बर्फाचा वास मला माहीत नाही, पण तो बर्फाचाच होता.

कपाट आता छताला टेकलं होतं. छत जरा वर झालं, पण वरच्या मजल्यावर साळुंखेकाकू राहतात, त्यामुळे त्याला फार वर जाता येईना. म्हणून कपाट आडवं वाढायला लागलं. खोली आणि हॉल यांच्यामधली भिंत त्याने हॉलमध्ये नेली. सोफा टीव्हीला भिडला. आई हातात उलथनं घेऊन बाहेर आली, कारण स्वयंपाकघर संपलं होतं.

तेवढ्यात बाबा घरी आले. त्यांना दारातून आडवं होऊन यावं लागलं. त्यांच्या शर्टाला नेहमीसारखा बेदाण्यांचा गोड वास होता.

"एवढं कसं काय वाढलं हे?"

"माझ्यासाठी आलेलं सगळं आतच थांबलंय, बाबा. बाहेर यायला वाट नाही त्याला."

बाबांनी कपाटाच्या पत्र्यावर हात ठेवला, कोल्ड स्टोरेजच्या दारावर ठेवतात तसा. "बघ. कणभर वाया गेलं नाही."

"पाच वाजत आलेत."

"नाही झाली मुलाखत, तर नाही झाली. एवढ्या लांब, एवढ्या थंडीत, एकटी पोरगी. इथे गच्चीवरून दिसत नाही का आकाश?"

"गच्चीवरून साळुंखेकाकूंच्या कुरडया दिसतात."

आई हसली आणि बाबांकडे बघून थांबली.

"हॅलो," मोबाइलमधून आणि कपाटातून आवाज आला. "लाइनवर आहात ना? शेवटचा उपाय. लॅपटॉप राउटरच्या जवळ घेऊन या."

"किती जवळ?"

"माझ्यापाशी."

मी लॅपटॉप छातीशी धरला आणि आईपुढे हात केला. वक्तृत्वाच्या स्पर्धेत शेवटच्या वाक्याआधी मी थांबले होते, तशी थांबले. सगळं सभागृह तेव्हा गप्प झालं होतं. आता घरात सभागृहाएवढी जागा नव्हती, तरी तशीच शांतता झाली.

"अहो, नेटच तर बघायचंय तिला," आई म्हणाली आणि कमरेची किल्ली काढून तिने माझ्या हातावर ठेवली. "पैठणी चुरगाळू नकोस म्हणजे झालं."

कुलूप सहज निघालं. दार इतकं मोठं झालं होतं, की मला ते सगळा जोर लावून ओढावं लागलं.

आत साड्या टांगलेल्या होत्या, पण त्या संपत नव्हत्या. एकीमागे एक, एकीमागे एक, चढावर गेलेल्या शेतांसारख्या त्या वर वर जात होत्या, आणि जिथे त्यांचे काठ संपत होते तिथून बर्फाचे डोंगर सुरू होत होते. डोंगरांवर आकाश होतं. रात्रीचं नव्हतं, दिवसाचंही नव्हतं. आईने बांधून ठेवलेल्या डांबरगोळ्या त्यात सुट्या झाल्या होत्या. मोठ्या, पांढऱ्या, एकेक गोळी स्वतःभोवती फिरत होती आणि तिच्या एका बाजूला सावली होती. त्यांच्या मागे अजून गोळ्या होत्या, त्यांच्याही मागे, शेवटी नुसती पिठासारखी उधळण. मला काहीतरी म्हणायचं होतं आणि मला, केतकी सूर्यवंशीला, एक शब्द सुचला नाही.

उतारावर माणसं बसली होती. मामा होता, माझ्या वाढदिवसाला केलेल्या व्हिडिओ कॉलमध्ये, अजून हात हलवत. निलोफर आणि ऋतुजा होत्या, आपण काय पाठवलं होतं ते विसरून एकमेकींना ढोसत. गाणी म्हणणारे, गणितं सोडवून दाखवणारे, नुसतेच नमस्कार करणारे, सगळे शिस्तीत बसले होते. कुणी कंटाळलं नव्हतं.

दुसऱ्या कप्प्याच्या कडेला हेमलताताई पाय सोडून बसल्या होत्या. कानाला हेडफोन, अंगात स्वेटर. शेजारी राउटर होता, कपाळावर हळदकुंकू, सगळे दिवे हिरवे.

"आलात? बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता बघा बरं फुली."

फुली लॅपटॉपवरून निसटली आणि टिकलीसारखी खाली पडली. बारीक आवाज झाला. मागून आईने वाकून ती उचलली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवून दिली.

चांदीची भांडी असायची तिथे वेधशाळेचा पांढरा घुमट होता. त्याच्या पायरीवर दोन बाई आणि एक सर शाली पांघरून बसले होते. त्यांच्या श्वासाची वाफ माझ्यापर्यंत येत होती.

"केतकी सूर्यवंशी?"

"हो."

"तुमचे निबंध आम्ही वाचलेत. काही विचारायचं राहिलेलं नाही. येताय ना?"

"हो."

"घरी सांगितलंत?"

मी वळले. आईबाबांना शेजारी शेजारी उभं राहता येईल एवढंच घर उरलं होतं. फोटो काढायला उभे राहावेत तसे ते उभे होते, पाठ भिंतीला टेकवून. कपाटाच्या उघड्या दारावरचा आरसा त्यांच्याकडे वळला होता. त्यात ते दोघंच दिसत होते. मी त्यांच्या आणि आरशाच्या मधोमध होते, तरी नव्हते. आई आरशात मला शोधत होती.

"दार लाव, केतू," बाबा हलक्या आवाजात म्हणाले. "गारवा बाहेर जातोय."

त्यांच्या मिशीवर बर्फाचा पहिला कण येऊन बसला होता. त्यांनी तो पुसला नाही. मी किल्ली मुठीत घट्ट धरली.

"आई, बाबा," मी म्हणाले, "मी जाणार आहे. आणि दार उघडं राहणार आहे."