म्हाताऱ्या पाळकांचे पाय

एकतीस वर्षं शाळेत शिकवून माझा आवाज चांगलाच तयार झाला होता. शेवटच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्यालाही तो खडबडून जागं करायचा. निवृत्त झाल्यावर या आवाजाचं करायचं काय, असा प्रश्न पडला. घरात नवऱ्यावर तो किती चालवणार? त्याने तर लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची विद्या आत्मसात केली होती. तेव्हा मी चर्चच्या कामात शिरले, आणि शिरले ती अशी की वर्षभरात भगिनी मंडळाची कुठलीही सभा माझ्यावाचून पुढे सरकेना.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी माझी कीव करणार नाही. मी जे केलं ते भोळेपणाने केलेलं नाही.

आमचे जुने पाळक सेवानिवृत्त होऊन चर्चच्या आवारातल्याच मागच्या खोलीत राहत होते. बायको वारलेली, मूलबाळ नाही. साखरेच्या दुखण्याने आधी डोळे गेले, मग पायांना जखमा झाल्या. ऐकूही कमी यायचं. पट्टी बदलायला रोज सकाळी नर्स यायची, पण गुरुवारी तिची सुट्टी. नव्या पाळकांनी फळ्यावर कागद लावला, की गुरुवारी म्हाताऱ्यांचे पाय धुऊन पट्टी बांधायला कोण येईल त्याने नाव लिहावं. दोन रविवार कागद कोरा राहिला. लोक तो वाचायचे आणि घड्याळाकडे बघत बाहेर पडायचे. तिसऱ्या रविवारी मी सगळ्यांच्या देखत पेन काढलं आणि ठसठशीत अक्षरात माझं नाव लिहिलं. लिहिल्यावर दोन पावलं मागे जाऊन ते कसं दिसतंय तेही पाहिलं.

नाव लिहिलं खरं, पण बुधवारी माझा धीर सुटला. मला जखम बघवत नाही. शाळेत कुणाचा गुडघा फुटला की मी शिपाईमावशींना हाक मारायची आणि खिडकीबाहेर बघत उभी राहायची. म्हणून खाली जाऊन धाकट्या जावेला म्हटलं, उद्या माझ्याबरोबर चल, गरम पाणी द्यायला कुणीतरी हवं. आम्ही दोघी एकाच घरात, मी वर आणि ती खाली. इस्पितळाच्या धोबीखान्यात ती दुपारच्या पाळीला जायची, त्यामुळे सकाळ मोकळी असायची. पन्नाशी गाठली तरी सगळं घर तिला 'धाकटी'च म्हणायचं. बोलणं अगदी मोजकं. ती 'बरं' म्हणाली. कशालाही ती 'बरं'च म्हणायची आणि ते मी कायमचं गृहीत धरलं होतं.

खोलीचं दार उघडलं आणि वास आला. औषधाचा, ओल्या पट्टीचा आणि त्याखाली आणखी कशाचा तरी. मी उंबऱ्यातूनच मोठ्याने सांगितलं, "पाळकसाहेब, मी आलेय." माझं नावही सांगितलं. धाकटी सोबत आहे हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ही कशाला आली आणि मी कशाला आले, असा प्रश्न निघाला असता. धाकटी पट्टी सोडायला लागली तशी मी मागे सरकले. खाटेच्या पायथ्याशी खिडकी होती, तिथल्या उजेडात मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, मी बायबलमधलं वचन वाचते. नजर पानावर ठेवली की आजूबाजूचं काही दिसत नाही.

धाकटीने टबातल्या पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. त्यांच्या टाचेखाली आधी आपला हात दिला, मग पाय अलगद पाण्यात सोडला. बोटांच्या फटी एकेक करून धुतल्या आणि टॉवेलने नुसत्या टिपल्या, घासल्या नाहीत. मग मलम, कापूस, पट्टी. पट्टीची गाठ घोट्याच्या वरच्या बाजूला, पाय टेकवला तर टोचू नये म्हणून. हे सगळं मी पहिल्याच दिवशी पाहिलं असं नाही. पान उलटताना कधीतरी नजर जायची, त्यातून हळूहळू जमत गेलं.

असे सात महिने गेले. आवाज माझा, हात तिचे. निघताना पाळकसाहेब हात पुढे करून डोक्यावर ठेवायचे आणि आशीर्वाद द्यायचे. तोही मीच वाकून घ्यायची, कारण धाकटी तेव्हा टबातलं पाणी टाकायला मोरीकडे गेलेली असायची.

मग एका गुरुवारी मी दोन ओळींच्या मधे श्वास घेत होते, तेवढ्यात ते हसून म्हणाले, "मुली, वाचता वाचता तुला हे पाय धुणं जमतं तरी कसं?"

मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा धाकटीचे हात पाण्यात थांबले होते. सात महिने या माणसाने आवाज माझा ऐकला, हात तिचे ओळखले आणि दोन्ही मिळून मनात एकच बाई उभी केली. ती बाई फार चांगली होती. मला तिला मोडवेना.

"जमतं," मी म्हटलं. "आता सवय झाली."

धाकटीने मान वर केली नाही. दुसरा पाय घेतला, धुतला, बांधला. घरी येताना मी वाट पाहत होते की ती आता काही बोलेल, मग काही बोलेल. ती एवढंच म्हणाली की डाव्या टाचेची जखम भरत आलीय. मला तिचाच संताप आला. हिने एक शब्द काढला असता तर मी लगेच कबूल केलं असतं, आणि उद्याच जाऊन सांगितलं असतं, असं मी मनाला बजावत जिना चढले. म्हणजे सांगायची जबाबदारीही मी तिच्याच अंगावर टाकून मोकळी झाले.

पुढच्या गुरुवारी सांगू म्हटलं, तर त्यांना ताप होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी नवे पाळक येऊन बसले होते, आणि तोवर म्हाताऱ्यांनी त्यांच्याजवळ माझे गोडवे गाऊन ठेवले होते. रविवारी ते सगळं व्यासपीठावरून सांगितलं गेलं. माना माझ्याकडे वळल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि त्याच क्षणी जमिनीत गडप व्हावंसंही वाटलं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. धाकटी माझ्या तीन रांगा मागे बसली होती. मी मागे वळून पाहिलं नाही.

भगिनी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सेवेवर भाषण मीच करायचं ठरलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले. भाषण लिहून चांगलं झालं होतं. चार पानं, त्यात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग अगदी डोळ्यांसमोर उभा राहील असा लिहिला होता. मेळाव्याच्या सकाळी धाकटी माझे कपडे इस्त्री करून वर घेऊन आली. दारात ती होती, मी होते, घरात तिसरं कुणी नव्हतं. याहून चांगली वेळ मिळणार नव्हती हे मला कळत होतं. मी कपडे हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हटलं, या बाहीला चुणी राहिलीय. ती 'बरं' म्हणाली आणि परत खाली घेऊन गेली. त्या चुणीची आठवण झाली की अजून मला माझं तोंड आरशात बघवत नाही.

हॉल गच्च भरला होता. म्हाताऱ्या पाळकांना चाकांच्या खुर्चीतून आणून पुढे बसवलं होतं. माझं नाव पुकारण्याआधी त्यांनी माइक मागून घेतला. म्हणाले, आयुष्यभर मी दर वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे, चर्चमधल्या बारा जणांचे पाय धुतले, पण ते घरून साबण लावून स्वच्छ धुऊन आलेले असायचे. धुणं मला कधी जड गेलं नाही. घाण पाय दुसऱ्याच्या हातात देणं किती जड असतं ते या वर्षी समजलं. जिने माझी ती लाज राखली, तिचे पाय आज मी धुणार आहे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मला दंडाला धरून त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. कुणीतरी माझ्या चपला काढल्या. टब आणि टॉवेल आणायला धाकटीच गेली, दुसऱ्या कुणाला टब कुठे असतो हे ठाऊक नव्हतं. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून माझा पाय त्यांच्या गुडघ्यांवरच्या टॉवेलवर ठेवला आणि धाकटी खाली गुडघे टेकून टब उचलून धरून बसली. उठून पळून जावं असं वाटत होतं, पण पायच त्यांच्या हातात होता. त्यांच्या ओंजळीतलं पाणी माझ्या पावलावर कमी आणि जमिनीवर जास्त सांडत होतं.

मग त्यांना टब सापडेना. हात हवेत चाचपडायला लागला. धाकटीने एका हाताने टब छातीशी धरला, दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरलं आणि हात पाण्यापर्यंत नेला.

ते थांबले. त्यांनी तिचा हात उलटा धरला. पेरांवरून, तळव्यावरून, धोबीखान्याच्या सोड्याने खरखरीत झालेल्या कातडीवरून अंगठा फिरवला. माझ्या पायावरचा त्यांचा दुसरा हात सैल पडला.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

त्यांना ऐकू जावं म्हणून धाकटी पुढे झुकली आणि आवाज चढवून बोलली. तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मी यांची धाकटी जाऊ. पाणी द्यायला येते."

पहिल्या दोन रांगांना ते नक्की ऐकू गेलं असणार. माझं खोटं तिने सगळ्यांसमोर स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं, आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिनेच धुतले," मी म्हटलं. "सगळे गुरुवार. मी नुसतं वाचायची." शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज माझ्या गुडघ्यापलीकडे जाईना. मला तेच पुन्हा म्हणावं लागलं.

ते रागावले असते तर मी सुटले असते. ते रागावले नाहीत. थोडा वेळ तिचा हात तसाच धरून बसले, मग सोडला. "आत्ता कळलं," एवढंच म्हणाले. आणि मग माझ्या दिशेने हात पुढे करून म्हणाले, "दुसरा पाय दे, मुली."

मी तो कसा पुढे केला ते माझं मलाच ठाऊक. त्यांनी तोही पहिल्याइतक्याच सावकाश धुतला.

हॉलला यातलं काही कळलं नव्हतं. टाळ्या पडल्या, माइक माझ्या हातात आला. चार पानं मी घडी करून मांडीखाली सारली आणि बसल्या जागेवरून सांगून टाकलं, की इतके महिने हे पाय मी एकदाही धुतले नाहीत, हात लावायची मला किळस वाटायची, धुतले ते माझ्या जावेने, आणि विचारल्यावर मी खोटं बोलले. एका दमात सांगितलं. सांगून झाल्यावर माइक खाली ठेवला. आता या बायका उठून जातील असं मला वाटलं, आणि खरं सांगते, त्याने मला हलकं वाटलं असतं.

पण मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. मेळावा संपला तशा त्या माझ्याभोवती जमल्या. एकीने डोळे टिपले. एक म्हणाली, चारचौघांत असं कबूल करायला केवढं मोठं मन लागतं, बाई. मंडळाच्या सचिव म्हणाल्या, मासिकासाठी हे लिहूनच द्या, नम्रतेचं याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार. मी नको नको म्हणत होते आणि माझं ते नको नकोसुद्धा त्यांना आवडत होतं. धाकटी कुठे आहे, हे त्यांच्यातल्या कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

ती फडकं घेऊन आली. खुर्च्यांखाली सगळीकडे पाणी झालं होतं, कुणी घसरून पडलं असतं. बायकांच्या घोळक्यातून वाट काढत, एकेक फरशी पुसत ती माझ्यापर्यंत पोचली. मी अजून अनवाणीच बसले होते.

"ताई," ती म्हणाली, "जरा पाय वर घ्या."

मी पाय वर घेतले. तिच्या हातातून फडकं घ्यावं हे मला सुचेपर्यंत तिचं पुसून झालं होतं.