फोटोतले गाल

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगी शिरायलाही जागा नव्हती. कुणाच्या कोपरावर चट्टे, कुणाच्या मानेवर खपल्या. भिंतीवर मोठमोठे फोटो, जोडीजोडीने: डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. डावीकडची माणसं सालं निघालेली, उजवीकडची तुकतुकीत.

"ही पुडी नाही बाळांनो," औषधाची पुडी उंचावून कांतिबाबा सांगत होते, "हा गोठलेला प्रकाश आहे! पोटात गेला की कातडीवर उजेड, चेहऱ्यावर तेज!"

प्रकाश चवीला कडू होता, म्हणून तो मधातून घ्यायचा होता.

ते फोटो काढणारा फोटोग्राफर कोपऱ्यात उभा होता. बाबांवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. पण चट्टे जाताना त्यानं स्वतः पाहिले होते. एकच गोष्ट खटकायची: 'नंतर'च्या फोटोत गाल फुगलेले यायचे. जवळून फोटो घेतला की होतं असं, अशी स्वतःची समजूत घालून तो कॉम्प्युटरवर गाल हलक्या हातानं कापायचा. धंद्याची सवय. लग्नाच्या फोटोंत त्यानं निम्म्या गावाच्या हनुवट्या कमी केल्या होत्या.

त्याची ताई कापडाच्या दुकानात काउंटरवर असे. तिच्या हातांवर सोरायसिसचे चट्टे होते. गिऱ्हाइकं कापड बघायच्या आधी तिचे हात बघायची.

"बाबांकडे जाऊ का रे? फोटो तूच काढलेस ना? मग खोटे कसे असतील?"

नको म्हणायला एक शब्द पुरला असता. तो म्हणाला, "बघ घेऊन. अपाय तर काही नाही."

चट्टे गेले. ताई बाह्या सरसावून ठाण उलगडायला लागली. तिचाही 'नंतर'चा फोटो निघाला, आणि भावानं बहिणीचे गाल कापले.

"बरी झाले की! आता कशाला बाबांचे जिने चढू?" म्हणत तिनं पुडी बंद केली. आणि थोड्याच दिवसांत ती तापानं फणफणली. अंग लालबुंद झालं, त्यावर पुवाचे बारीक फोड उठले.

"मळ बाहेर पडतोय," बाबांनी फोनवर सांगितलं. "दवाखान्यात नेलंत तर प्रकाश विझेल."

"विझू दे!" म्हणत फोटोग्राफरनं रिक्षा बोलावली.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ताईला तातडीनं दाखल करून घेतलं. मग त्याच्या मोबाइलवरचा फोटो पाहून विचारलं, "पुडी चालू असताना चेहरा असाच होता?"

"नाही... मी जरा बारीक केलाय."

"मूळचा दाखवा."

त्यानं दाखवला. मग दुसरा, तिसरा, सगळेच. ओळीनं गोल गरगरीत चेहरे.

"अहो, हे स्टेरॉइडचे गाल!" बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "सोरायसिसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती कातडीच्या मागे लागते. स्टेरॉइडच्या गोळ्या तिला दाबून टाकतात, म्हणून चट्टे जातात. एकदम बंद केल्या की दुप्पट जोरानं उसळते. जिवावर बेततं. पुरावा तुमच्या हातात होता हो."

"मी तो पुसत होतो," तो म्हणाला.

पुडी तपासायला गेली. राख, आणि राखेत कुटलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या.

ताईला धुगधुगी आली तेव्हा तो पायाशी मान खाली घालून बसला होता. "ताई, मीच तुला..."

"रडगाणं पुरे," ती पुटपुटली. "कॅमेरा काढ. आणि गाल कापू नकोस."

दुसऱ्या दिवशी हॉलमधल्या प्रत्येक 'नंतर'च्या फोटोशेजारी त्यानं मूळचा, न कापलेला फोटो लावला. ताईच्या फोटोंशेजारी आणखी एक, फोडांचा.

"हे तेज आहे!" बाबा गरजले.

"सगळ्यांना एकाच साच्यातलं?" मागून एक आजोबा म्हणाले. हॉल हसला. मग फोडांच्या फोटोकडे लक्ष गेलं आणि हसू थांबलं.

त्याच्यासोबत आलेल्या डॉक्टरीणबाई पुढे आल्या. "पुडी चालू असेल तर आज घाबरून एकदम सोडू नका. आधी दवाखान्यात या, हळूहळू कमी करू. आणि हा आजार शिवल्यानं होत नाही. चट्टेवाल्याच्या हातून बिनधास्त कापड घ्या."

"पण तुम्ही गाल कापलेतच कशाला?" एका बाईनं फोटोग्राफरला विचारलं. तिचे स्वतःचे गाल चांगले गोल झाले होते.

त्यानं तिच्या गालांकडे पाहिलं.

"चांगलं दिसावं म्हणून," तो म्हणाला. "तेच तर चुकलं. नुसतं चांगलं दिसतंय म्हणून काही गिळू नका. पुडीत काय आहे ते विचारा. सांगत नसेल त्याची पुडी तोंडात घालू नका. आणि फोटो दाखवला, तर माझ्यासारख्याला धरून विचारा: यातलं काय पुसलंस?"