रिकाम्या जागेचा दाखला

प्रेमदास मॅट्रिक झाला तेव्हापासून वस्तीत कुठलाही सरकारी कागद आला की तो आधी त्याच्याच हातात पडे, आणि या मानाने गडी जरा फुगलाही होता. गिरडच्या रस्त्यावरच्या त्या गावात बौद्धांची चाळीस घरं, आणि त्यांच्या मधोमध मातीचा एक हॉल. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर पुढच्याच उन्हाळ्यात प्रेमदासच्या बापाने, भैयाजीने, चार गडी सोबत घेऊन त्याच्या भिंती चढवल्या होत्या. वर कवेलूंचं छप्पर, खाली सारवलेली जमीन. वंदना तिथे, लग्नं तिथे, मयताला आलेले पाहुणेही तिथेच. घरात भावंडांचा गलका असायचा म्हणून प्रेमदासने मॅट्रिकचा अभ्याससुद्धा तिथेच केला. पावसाळ्यात एक कोपरा गळायचा, मग लोक सरकून बसायचे.

एकोणऐंशी साली समाजमंदिराची योजना आली. विटा-सिमेंटची इमारत, वर स्लॅब, सगळं सरकार करणार. अट एवढीच, की जागा रिकामी हवी आणि वस्तीत दुसरी सार्वजनिक इमारत नको. आता वस्तीत सगळ्यांची म्हणून जागा एकच, ती हॉलच्या खालची.

पंचायत समितीचे विस्तार अधिकारी पुंडलिकराव माणूस भला. चहाची बशी खाली ठेवत ते म्हणाले, "जागा रिकामी आहे म्हणून लिहून टाका. मंजुरी हातात आली का मग पाडा. कोन पाहाले येते?"

भैयाजीला पटलं. "बराबर सांगून राह्यले साहेब. लिवून दे ना गा."

पण प्रेमदास पडला सरळ माणूस, आणि सरळ माणूस एकदा हटून बसला की त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. "सरकारी कागदावर खोटं नाई लिवनार मी," तो म्हणाला. "उद्या कोनी बोट दाखवलं तं? म्हनतीन, पाहा, हे लोकं शिकले अन् पयले खोटं लिवाले शिकले. आधी जागा रिकामी करू, मंग सही करतो."

तीन दिवस वस्तीत वाद झाला. शेजारची जिजाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नवं लुगडं येऊ दे तं खरं. अंगावरचं काऊन फेडतं आधी?" प्रेमदासने ते हसण्यावारी नेलं. शेवटी निकाल भैयाजीनेच लावला. पोराने चारचौघांत बोललेला शब्द त्याने खाली पडू दिला नाही. रविवारी सकाळी शिडी लावून पहिलं कवेलू त्यानेच उतरवलं. दोन दिवसांत भिंती आडव्या झाल्या. साफ केलेल्या जागेवर उभं राहून प्रेमदासने फॉर्मवर सही केली, तेव्हा त्याला फार बरं वाटलं होतं.

मंजुरी आली, यादीत गावाचं नावही लागलं. आणि पाया खणायचा दिवस ठरतो न ठरतो तोच मुंबईतलं सरकार गेलं. नव्यांनी जुन्या याद्या बाजूला ठेवल्या. प्रेमदास वर्ध्याला खेटे घालू लागला. हे टेबल म्हणे त्या टेबलाला विचारा, आणि ते टेबल जेवायला गेलेलं. इकडे पौर्णिमेला लोक कुणाच्या तरी अंगणात जमत, पुढे पुढे तेही कमी झालं. जिजाबाईच्या नातीच्या लग्नात अवकाळी कोसळला. पंगत भिजली, नवरदेवाकडची मंडळी तीन गोठ्यांत वाटून बसवावी लागली. त्यानंतर जिजाबाईच्या दारावरून जाताना प्रेमदासची मान वर होत नव्हती.

भैयाजी दर पौर्णिमेला त्या रिकाम्या जागेवर झाडू मारून येई, आणि प्रेमदासला तेच जास्त खात होतं.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात पुंडलिकराव पुन्हा आले. बोलताना ते प्रेमदासकडे बघत नव्हते. "नव्या इमारती बंद झाल्या. आता आहे त्या समाजमंदिराच्या दुरुस्तीसाठी अनुदान निघालं. मातीचं असलं तरी चालते. भिंती पक्क्या, वर टिना, खाली फरशी."

प्रेमदासने फॉर्म उघडला. तिसऱ्याच ओळीत विचारलं होतं: इमारत अस्तित्वात आहे काय?

पुंडलिकरावांनी खिशातला पेन काढून दिला. "'आहे' लिहा. पाहणीले इंजिनिअर येतपर्यंत कशाबशा चार भिंती उभ्या करा. महिनाभर मी त्याले थांबवतो."

चार वर्षं प्रेमदासला धड झोप नव्हती. त्याने फार विचार केला नाही. 'आहे' लिहिलं, खाली सही केली, आणि खाटेवर बसलेल्या बापाकडे वळून तो घाईघाईने म्हणाला, "बाबा, लिवून देल्लं मी. हॉल हाय म्हनून."

भैयाजी उठून आला. त्याला अक्षरओळख नव्हती. त्याने कागद हातात घेतला आणि कुठे लिहिलंय ते दाखवायला लावलं. प्रेमदासने बोट ठेवलं. म्हाताऱ्याने तो शब्द वाकून पाहिला.

"येवढंसंच होतं," तो म्हणाला. "मंग तवा काऊन नाई लिवलं, बाबू?"

आवाज चढलेला नव्हता. त्याला खरोखरच उत्तर हवं होतं. मग भैयाजीने कागद साहेबांच्या हातात दिला, कोपऱ्यातलं फावडं उचललं, आणि पोराने लिहिलेलं खरं करायला सत्तरीचा तो म्हातारा माती कालवायला निघाला.