चेहऱ्यामागचा कागद

मित्रांनो, मी शहापूरच्या बाजारपेठेतले एक जुने, दमलेले छपाईयंत्र आहे. पायाने फळी दाबली की माझा जबडा मिटतो आणि कागदावर ठसा उमटतो. मिटायचे, उघडायचे; सारा जन्म यातच गेला. सांधे दुखतात, पण सांगणार कुणाला?

छापायच्या कागदामागे जाड कागदांचे थर घालतात. त्याला पॅकिंग म्हणतात. थर वाढले की दाब वाढतो. आमच्या गिऱ्हाइकांना सगळे काळेभोर छापलेलेच आवडे. जरा फिके दिसले की शाई चोरली म्हणत. त्यात ते लढाईचे दिवस, अक्षरांचे नवे खिळे मिळेनात. झिजलेली अक्षरे उठावीत म्हणून आमचा मशीन चालवणारा चांगो थरावर थर चढवी आणि मी गुमान दाबत राही.

एकदा धसईच्या जनाबाई हरवल्याची पत्रके छापून घ्यायला आल्या. म्हशाच्या जत्रेत त्यांचा मुका लेक नामा हरवला होता. चांगला मिसरूड फुटलेला गडी, पण स्वतःचे नावगाव सांगू शकत नव्हता. ओळखायचे ते तोंडावरूनच. आदल्या वर्षीच्या जत्रेत तंबूतल्या फोटोवाल्याने काढलेला त्याचा एक फोटो होता. छापखान्याच्या मालकांनी मुंबईहून त्याचा छापायचा धातूचा ठसा करून आणला.

फोटोचा ठसा म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी असते. चांगोने नेहमीसारखे पॅकिंग भरले, शाई सढळ लावली. ठिपके फुगले आणि एकमेकांत मिसळून गेले. कागद तसेच गावोगाव वाटले गेले.

काही दिवसांनी जनाबाई कागद घेऊन परत आल्या.

"ह्यो माजा नामा नाय रे," त्या म्हणाल्या. "ह्याचं डोलं कुठं हायत?"

चांगोने कागद उजेडात धरला. मग त्याने चेहऱ्यामागचे थर कापून काढले आणि शाईही कमी केली.

"अक्षरं फिकी येतील गो मावशे."

"येऊं दे. आमच्यात वाचतंय कोन?"

त्या दिवशी मी कधी नव्हे इतके हलके मिटले. कागदावर नामाचे डोळे आले. भुवईवरचा, बैलाचे शिंग लागल्याचा व्रणही आला. जनाबाई माझ्याजवळच खाली बसल्या आणि रडल्या. मलाही भरून आले.

नामा सापडला. तो सापगावजवळच्या एका वीटभट्टीवर पाणी वाहत होता. नवा कागद बघताच भट्टीवाल्याने त्याला ओळखले. त्याच भट्टीवाल्याच्या खोपीच्या दारावर आमचा पहिला, काळा कागदही चिकटवलेला होता. इतके दिवस नामा त्या कागदाशेजारून हंडे नेत होता आणि त्याची आई रानोमाळ त्याला शोधत हिंडत होती.

मित्रांनो, मला वेळेवर तेल द्या, अंगावरची धूळ पुसा, एवढे मागणे तर आहेच. आणखी एक आहे. ठसा उमटवायचा तर दाब लागतोच. पण दाबण्याआधी, खाली कुणाचा चेहरा आहे ते एकदा बघत जा.